चौथा फोटो

बाबांच्या डाव्या बाहीचं बटण मी काजात अर्धं सरकवलं होतं, तेव्हा ते म्हणाले, "आज फोटो तूच काढ." बटण तिथेच राहिलं. गेले बारा आठवडे रोज सकाळी मी हे बटण लावते आहे, कारण त्यांचा उजवा हात कोपराच्या खालपासून अंगठ्याच्या पेरापर्यंत प्लास्टरमध्ये आहे. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे कोट कापले, त्याला स्वतःच्या शर्टाचं बटण लावता येत नाही. मला या कामाची इतकी सवय झाली होती की बोटं ते उरकत असताना डोकं भलतीकडेच भटकत असे. त्या वाक्याने बोटं एकदम जागी झाली. "एक्स-रे हलूनका काढतील ना," मी आमच्या विभागातल्या वरिष्ठांबद्दल म्हणाले, "दोन्ही वेळा त्यांनीच काढलेत." आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्यांचा हात बसलाय चांगला. हिच्याकडून कशाला उगाच?" "त्यांचा बसलाय," बाबा म्हणाले, "हिचा कधी बसायचा मग?" आणि माझ्या चेहऱ्याकडे न बघता, मानेच्या जरा खाली, जिथे ते सगळ्यांच्याच बघतात तिथे बघत पुढे म्हणाले, "खांदे वर घेतलेस बघ. अर्धा इंच."

त्यांचं अर्ध्या इंचाचं सांगणं सहसा चुकत नाही. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की छाती फुगवतं, खांदे उचलतं, आणि त्या मापाने कोट कापला तर घरी गेल्यावर तो त्याच्या अंगावर लोंबतो. म्हणून बाबा टेप गळ्यात तशीच ठेवून आधी त्याच्याशी गप्पा मारतात, त्याच्या मुलांची चौकशी करतात, आणि खांदे जागेवर आले की मगच टेप काढतात. मानेमागचं टोचणारं हाड ते बोटाने चाचपतात, तिथून कमरेपर्यंत मोजतात. खांद्याच्या टोकाचं हाड, मनगटाबाहेरचा उंचवटा, घोट्याचं हाड, सगळी त्यांना बोटांनी ठाऊक. नावं ठाऊक नाहीत. नावं मला ठाऊक आहेत. मी विज्ञानाची पदवी घेतली, मग एक्स-रेचा अभ्यासक्रम केला, आणि आता आठ महिने झाले, हॉस्पिटलच्या तळमजल्यावर दिवसाला साठसत्तर माणसांना आतून बघते. आम्ही दोघं एकाच गोष्टीची मापं घेतो, ते बाहेरून आणि मी आतून, असं मी एकदा म्हटलं होतं, तर ते म्हणाले होते, "तुझं बरं आहे, तुझ्या मापाला ट्रायल नाही."

बसमध्ये ते खिडकीशी बसले, प्लास्टर मांडीवर ठेवून, आपलं नसलेलं सामान कोणी सांभाळायला दिल्यासारखं. मला भीती वाटायला हवी होती, आणि वाटतही होती. पण तिच्या खालून दुसरंच काहीतरी उसळत होतं आणि त्याची मला लाज वाटत होती. मला बघायचं होतं. सहा आठवड्यांपूर्वी जे काळं आणि पांढरं पाहिलं त्याचं पुढे काय झालं, आत कोणी कोणावर मात केली, हे बघण्याची मला परीक्षेच्या निकालासारखी घाई झाली होती. असं झालं की मला माणसं कपड्यांतून आणि मांसातून आरपार दिसायला लागतात. दांडीला लोंबकळणाऱ्या माणसाचं दंडाचं हाड, लांब, पोकळ नळी, बाहेरून घट्ट आणि टोकांना जाळीदार, आणि त्या जाळीची प्रत्येक काडी ज्या दिशेने ओझं येतं त्याच दिशेला उभी. कंडक्टरच्या कवटीची चपटी हाडं, दोन पातळ पत्रे आणि मध्ये फेसासारखा थर, एकमेकांत नागमोडी दातऱ्यांनी बसलेले. मणके तर कोणत्याच वर्गात न बसणारे, ओबडधोबड, शिंगं फुटलेले. आणि मनगटात आठ लहान हाडं, नदीतल्या गोट्यांसारखी, कोणी मुठीत धरून ठेवलेली. समोरच्या बाकावर एका बाईच्या मांडीवर जेमतेम महिन्याचं बाळ होतं. मी त्याच्या मुठीकडे इतका वेळ बघत राहिले की बाबा म्हणाले, "काय बघतेस?"

"त्या बाळाच्या मनगटात अजून एकही हाड नसेल."

"मग काय आहे?"

"कूर्चा. कानासारखी." त्यांनी डाव्या हाताने स्वतःच्या कानाची पाळी दाबून पाहिली. "पाळी नाही, बाबा. वरची कड. एक्स-रेमध्ये ती दिसतच नाही, नुसती रिकामी जागा दिसते. मग एकेक ठिपका उगवायला लागतो. तुमचं जे मोडलंय ना, ते पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत फोटोत नसतंच."

"म्हणजे आधी कच्चं बेतायचं आणि अंगावर घालून बघितल्यावर पक्कं करायचं," ते म्हणाले. "बरोबर आहे. वाढतं अंग आहे." आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले.

वाढतं अंग. माझा शाळेचा निळा स्कर्ट बाबांनी शिवला होता आणि त्याच्या खालच्या पट्टीत चार इंच माया सोडली होती, म्हणजे आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. दर वर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी ते एक इंच माया उसवत आणि जुन्या दुमडीची रेघ तशीच राहत असे. न विटलेल्या, गडद निळ्या कापडाचे पट्टे, एकाखाली एक. मैत्रिणी हसायच्या. मला ते पट्टे आवडायचे, कारण मी किती वाढले ते मला मांडीवर हात ठेवून मोजता यायचं. ज्या वर्षी मला टायफॉइड झाला त्या वर्षी पट्टा पडला नाही, जुन्या दुमडीची रेघ मात्र जास्तच ठळक झाली. पुढे अभ्यासक्रमात आम्हाला शिकवलं की लांब हाडांच्या टोकांजवळ वाढीची पट्टी असते, तिथे कूर्चा सतत नवी होते आणि मागून हाड तिला गाठत येतं, आणि मूल फार आजारी पडलं की हे काम थांबतं. पुन्हा सुरू झालं की थांबल्याची एक आडवी पांढरी रेघ हाडात राहू शकते, वर्षानुवर्षं. मी वर्गात जवळजवळ उठून उभीच राहिले होते. ती रेघ मी पाहिलेली होती. माझ्या स्कर्टवर पाहिली होती. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात वैद्यकीय तपासणीसाठी माझ्या छातीचा फोटो काढला, तेव्हा हलूनका बाहेर गेलेले पाहून मी माझ्याच गळपट्टीच्या हाडाचं आतलं टोक शोधत बसले. गर्भात सगळ्यांत आधी बनायला सुरुवात होते ते हे हाड, आणि सगळ्यांत शेवटी, पंचविशीच्या आसपास, पूर्ण होतं तेही हेच. माझ्या टोकाची टोपी अजून जुळलेली नव्हती. बारीक काळी फट, दोन्ही बाजूंना. हलूनका मागे येऊन उभे राहिले होते. "कच्ची आहेस अजून," ते म्हणाले. दिवसभर मी हवेत होते. बावीस वर्षांची होऊनही माझ्यात उसवायची माया शिल्लक होती.

हलूनका आमचे वरिष्ठ. तीस वर्षं ते "हलू नका, श्वास रोखा" म्हणत आलेत, म्हणून सगळं हॉस्पिटल, अगदी त्यांचे नातेवाईकही, त्यांना हलूनका म्हणतात. त्यांना खूप कमी बोलावं लागतं. बाबांचं हाड मोडलेलं सापडलं त्या दिवशीही ते कमीच बोलले होते. त्याच्या अकरा दिवस आधी, शनिवारी दुपारी, बाबा दुकानाच्या जिन्यावरून पडले होते. दोन्ही हातांत कापडाचा तागा होता. तागा वाचवायला गेले आणि मग उजवा तळवा टेकून सगळं वजन त्यावर घेतलं. ते तसेच माझ्याकडे आले. विभागात मी एकटीच होते, आठवड्याभरापूर्वीच एकटीने ड्यूटी करायची परवानगी मिळालेली. मी त्यांचा हात प्लेटवर पालथा ठेवला, काचेमागे गेले, बटण दाबलं. टक्. मग मनगटाचे बाकीचे फोटो घ्यायला हात वळवायला लागले तेव्हा त्यांनी आवाज केला नाही, पण त्यांच्या ओठांभोवतीचा रंग गेला. दुसरं कोणी असतं तर मी म्हटलं असतं, थोडं सहन करा, आणि वळवला असता. रोज वळवते. त्या दिवशी मी स्क्रीनकडे पाहिलं. आठही गोटे जागच्या जागी, स्वच्छ, सुंदर. मी मनाशी म्हटलं, दिसतंय की सगळं. एकाच फोटोवर थांबले. अपघात विभागातल्या घाईतल्या डॉक्टरने तो बघून मुरगळलंय म्हटलं, पट्टी बांधली, आणि दुसऱ्या दिवसापासून बाबा शाळेच्या कोटांच्या ऑर्डरवर बसले. अकरा दिवस, एक पौंडाची कात्री, चार-चार थर एकदम.

अकराव्या दिवशी त्यांच्या हातून कात्री सुटली. हलूनकांनी त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी, अंगठा ताणल्यावर जो खळगा पडतो त्यात, बोट दाबलं, आणि बाबा खुर्चीतून उठले. मग हलूनकांनी चार फोटो काढले. पालथा, आडवा, तिरका, आणि चौथा हात करंगळीकडे वळवून, ज्यात ते होडीसारखं हाड लांबीला पसरून दिसतं. चौथ्यात, होडीच्या कमरेवर, मधल्या बारीक भागात, केसाएवढी काळी रेघ. "पहिला फोटो कोणी काढला होता?" मी म्हटलं, मी. "किती?" मी म्हटलं, एक. त्यांनी चष्मा काढून पुसला. "एका फोटोला लांबी असते, रुंदी असते," ते म्हणाले. "जाडी नसते." बस. तक्रार नाही, कागदावर काही नाही. ते ओरडले असते तर माझं काम सोपं झालं असतं. मला घरी कोणाला काही सांगायची गरज पडली नाही, म्हणजे मी सांगितलं नाही, आणि रोज सकाळी बटण लावत राहिले.

हाडांच्या डॉक्टर बाईंनी बाबांना कागदावर चित्र काढून समजावलं. या हाडाला रक्त उलट्या बाजूने येतं, बोटांकडच्या टोकातून शिरतं आणि मागे मनगटाकडे जातं. कमरेत मोडलं की मागचा तुकडा उपाशी राहतो. लवकर स्थिर केलं तर निभावतं. "तुम्ही जरा उशीर केलात," त्या म्हणाल्या. बाबा म्हणाले, "हो, कामाची घाई होती." मी शेजारीच उभी होते. सहा आठवड्यांच्या फोटोत रेघ होती तशीच होती, वर मागचा तुकडा शेजारच्या हाडांपेक्षा पांढरा दिसत होता. बघणाऱ्याला वाटावं की हेच सगळ्यांत तंदुरुस्त. असतं उलटं. प्लास्टरमधली जिवंत हाडं काम नसल्यामुळे आपला चुना, म्हणजे कॅल्शियम, रक्तात सोडून देतात, फिकट होतात. ज्याच्यापर्यंत रक्तच पोचत नाही त्याला काही सोडताही येत नाही. मेलेलं हाड चमकतं. बाई म्हणाल्या, आणखी सहा आठवडे बघू. नाही जुळलं तर शरीराच्या कमरेचं, पट्ट्याजवळचं, थोडं हाड काढून मनगटात भरावं लागेल, आणि तरी मनगट पूर्वीसारखं वाकेलच असं नाही. दुकानात बाबांच्या टेबलाशी एक तात्पुरता कटर आला होता. आठ आठवडे झाल्यावर मालक त्याला तात्पुरता म्हणायचे थांबले.

आज प्लास्टर कापल्यावर आतून निघालेला हात बारीक, पांढुरका आणि ओलसर होता, आणि बाबा त्याच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघत होते. हलूनका दारात उभे राहिले. मी म्हटलं, "बाबा म्हणतायत मी काढू." हलूनकांनी बाबांकडे पाहिलं, बाबांनी त्यांच्याकडे. "किती काढशील?" हलूनका म्हणाले. "चार." "मग मी चहा घेऊन येतो," म्हणून ते गेले. तीस वर्षांत त्यांनी ड्यूटीवर चहा घेतल्याचं मी ऐकलं नव्हतं.

पहिला पालथा. बोटं किंचित आत मुडपून, म्हणजे मनगट प्लेटला टेकतं. टक्. दुसरा आडवा, करंगळीची बाजू खाली. टक्. मी प्रतिमा बघत नव्हते. चारही झाल्याशिवाय स्क्रीनकडे बघायचं नाही असं मी बसमध्येच ठरवलं होतं, कारण पहिल्याकडे बघूनच मी तेव्हा फसले होते. तिसरा तिरका, तळव्याखाली स्पंजची पाचर. टक्. चौथ्यासाठी मी त्यांच्या शेजारी वाकले आणि हात धरून सावकाश करंगळीकडे वळवायला लागले. हीच ती हालचाल. त्यांच्या ओठांकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती. मनगटाखाली माझ्या बोटांना त्यांची नाडी लागत होती, की माझ्याच बोटांची होती, कळेना.

"त्या शनिवारी एकदाच टक् झालं होतं," बाबा म्हणाले.

माझे हात तिथेच थांबले.

"हलूनका चार वेळा करतात, दर वेळी. मी मोजलं."

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"यांनी पहिल्यांदा चार काढले तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत? बाई म्हणाल्या तुम्ही उशीर केलात, आणि तुम्ही हो म्हणालात."

"तू शेजारी होतीस. पायांकडे बघत होतीस." त्यांनी दुसऱ्या हाताने स्पंजची पाचर नीट टेबलाच्या कडेला लावली, दुकानात खडू ठेवतात तशी. "तुझ्याएवढा असताना मी एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या होत्या. कापड उलटं करायचं राहिलं. भारी कापड, पुन्हा मिळणार नव्हतं. उस्तादांनी बघितलं, घडी घातली, ठेवून दिलं. एक शब्द नाही. कात्री मात्र महिनाभर हातात दिली नाही. काजं करायला बसवलं. तो महिना मला अजून आठवतो. बोलले असते तर बरं झालं असतं, आणि कात्री दिली असती तर त्याहून." मग जरा थांबून म्हणाले, "बोलायला मलाही जमत नाही. म्हणून म्हटलं, फोटो तरी तूच काढ."

"मला तुमचा हात वळवायला जमलं नाही," मी म्हणाले. "दुखत होतं तुम्हाला."

"आत्ताही दुखतंय," ते म्हणाले. "वळव."

मी वळवला. पूर्ण, जिथे अडतो तिथपर्यंत. त्यांच्या ओठांचा रंग गेला आणि मी तो जाताना पाहिला आणि हात सोडला नाही, बोटं टेपने प्लेटवर धरली, किरणांचा चौकोन त्या खळग्यावर आणला, काचेमागे गेले. तोंडून सवयीने, छातीच्या फोटोला म्हणतात तेच निघालं, "हलू नका. श्वास रोखा." टक्.

आणि मग मी बघितलं. चारही, एकेक करून, पण खरं तर चौथाच. होडी लांबीला पसरली होती. मी कमरेवर काळी रेघ शोधत होते आणि मला ती सापडत नव्हती, मी आणखी मोठं केलं, आणखी, आणि जिथे ती होती तिथे राखाडी धूसर पट्टा होता, आणि त्या पट्ट्यातून, या काठापासून त्या काठापर्यंत, बारीक काड्या गेल्या होत्या. एक, तीन, सहा. मग मोजणं सोडून दिलं. आधी घाईघाईने, दिशाहीन घातलेलं हाड, कच्च्या टाक्यासारखं, नुसतं धरून ठेवायला. आणि आता त्याच्या जागी पक्कं, ओझ्याची दिशा ओळखून घातलेलं. पेशींची एक फौज पोखरत पुढे गेली होती आणि तिच्या मागोमाग दुसरी बांधत आली होती, या सगळ्या सकाळी, मी बटण लावत असताना, शेजारच्याच हातात. कातडी भरते तिथे वण राहतो. हाड हाडानेच भरून येतं. आणि मागचा तुकडा. मी त्याच्याकडे शेवटी गेले, कारण त्याचीच भीती होती. तो चमकत नव्हता. तो शेजाऱ्यांसारखा फिकट झाला होता, मळकट, साधा राखाडी, त्यानेही आपला चुना दिला होता, म्हणजे त्याच्यापर्यंत रक्त पोचलं होतं. इतका सुंदर मळका रंग मी पाहिला नव्हता. मी स्क्रीनवर बोट ठेवलं, जे करायला आम्हाला मनाई आहे, आणि त्या रेघेच्या जागेवरून इकडून तिकडे फिरवलं.

मागे काही तरी चुकतंय असं वाटलं. फार शांतता होती. मी काचेतून पाहिलं तर बाबा तसेच बसलेले, पाठ ताठ, गाल फुगलेले, चेहरा तांबडालाल, डोळे माझ्यावर. मी सोडा म्हणायला विसरले होते. मी धावत बाहेर आले. "सोडा, बाबा, सोडा श्वास. मनगटाला श्वास रोखायचा नसतोच."

त्यांनी सोडला, टायरमधून सोडतात तसा, आणि बराच वेळ नुसते धापा टाकत राहिले. "मग म्हणालीस कशाला?" दम खात ते म्हणाले. "मला वाटलं, या चौथ्याला लागत असेल." मला हसू आलं, त्यांनाही आलं, आणि त्यात त्यांना खोकला आला. मी त्यांच्या बोटांवरची टेप सोडवली.

"काय दिसतंय?"

तंत्रज्ञाने रुग्णाला निदान सांगायचं नाही. हा नियम भिंतीवर लावलेला आहे आणि तो योग्य आहे. मी जे बघितलं ते बाई बघतील, हाताने दाबून पडताळतील, मग सांगतील. या वेळी मला एकही पायरी गाळायची नव्हती. "डॉक्टर बाई सांगतील," मी म्हणाले. "दहा मिनिटांत येतील."

"बरोबर," ते म्हणाले. मग डोकं किंचित तिरकं करून माझ्या मानेच्या खाली, डावीकडून उजवीकडे बघितलं, गिऱ्हाइकाकडे बघतात तसं, घाई न करता. "सकाळपासून अर्धा इंच वर होते," ते म्हणाले. "आले जागेवर."

 हलूनका चहाचा कप घेऊन दारात आले होते, कप भरलेलाच होता. शर्टाची डावी बाही सकाळच्या त्या अर्ध्या बटणामुळे सुटून लोंबत होती, मी सवयीने पुढे झाले, तर बाबांनी हात मागे घेतला. उजव्या हाताची ती पांढुरकी, बारीक झालेली बोटं त्यांनी स्वतःच बटणापाशी नेली. अंगठा ऐकत नव्हता. बटण काजाच्या कडेवरून घसरलं. पुन्हा घसरलं. तिसऱ्यांदा अर्धं गेलं आणि परत आलं. मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले, हलूनकाही हलले नाहीत. चौथ्या वेळी ते आत गेलं.